गुरुवारचा बाजार: वांगी घ्यायची तर सकाळच्या गाडीची

चोपडा-शिरपूर पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. आठवडे बाजार गुरुवारी भरतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एका दुकानाबद्दल तक्रार आहे आणि इथे सगळे एकमेकांना ओळखतात. पण या पट्ट्यात राहणाऱ्याला बाजार कोणता ते दोन ओळीत कळेल.

मी एसटीत सत्तावीस वर्षं कंडक्टर होतो. बाजाराच्या दिवशी सकाळच्या गाडीत माणसं कमी आणि टोपल्याच जास्त असायच्या. कोणती बाई कोणत्या पाड्यावर चढते, तिच्या पाटीत काय असतं, हे मला पाठ होतं. निवृत्त झालो त्याच वर्षी घरच्या मंडळींचे गुडघे धरले, तेव्हापासून बाजार माझ्याकडे आला. भाकरीही मीच टाकतो. चार वर्षांत फार तर पाच-सहा गुरुवार चुकले असतील.

हिवाळ्यात आमच्या बाजाराला जायचं ते भरताच्या वांग्यासाठी. बाकी सगळं नंतर. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला आनंद आहे, पण तेव्हापासून एक झालं. कुठलंही हिरवं वांगं दिसलं की विकणारा "बामणोदचं आहे" म्हणून ठोकून देतो. यावल तालुक्यातलं बामणोद आणि जळगावजवळचं आसोदा ही भरताच्या वांग्याची नावाजलेली गावं, त्यांच्या नावावर काहीही खपतं. मी गावाचं नाव विचारतच नाही. वांगं हातात घेतो.

खरं भरताचं वांगं फिकं पोपटी, अंगावर पांढरट रेघा, साल पातळ आणि तकतकीत. दिसायला मोठं पण हातात घेतलं तर वाटलं होतं त्यापेक्षा हलकं लागलं पाहिजे. जड लागलं की समजायचं आत बी झालं. मग देठ पाहायचा. देठ हिरवागार, त्याची टोपी सालीला चिकटून, आणि काटे बोटाला टोचतील असे ताठ. काटे मऊ पडले असतील तर वांगं कालचं किंवा परवाचं आहे. अंगठ्याने हलकं दाबलं की खळगा पडून लगेच भरून यावा. खळगा तसाच राहिला तर ठेवून द्यायचं.

बस स्टँडच्या भिंतीला लागून एक म्हातारी बसते, मी तिला माय म्हणतो. तिच्याकडे वांगी मागितली की ती आधी मलाच विचारते, "मास्तर, आज करानं शे का सकाय?" आज करायचं असेल तर ती पूर्ण भरलेली, जराशी नरम वांगी काढून देते, उद्या करायचं असेल तर कडक. या गुरुवारी साठ रुपये किलो होती. शेजारच्या हातगाडीवर पन्नासने मिळत होती, पण तिथे तुम्ही कधी खाणार हे कोणी विचारत नाही. मी साठ देतो.

घरी आल्यावर वांग्याला सुरीने चार ठिकाणी टोचे मारतो, नाहीतर आगीत फुटतं. गॅसवर भाजू नका, एवढी एक विनंती. शेतकऱ्याकडे कपाशीच्या वाळक्या काड्या मागा, कोणीही देतो. त्या काड्यांचा जाळ झटकन मोठा होतो आणि झटकन बसतो. साल करपते, आतला गर शिजतो आणि धुराचा वास गरात उतरतो. मग साल काढून लाकडी बडजीत मुसळीने ठेचायचं. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. तेल सढळ हाताने. मिक्सरमध्ये फिरवलं की त्याची चटणी होते, ते भरीत नाही.

भरिताबरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी हवी, म्हणून दुसरा थांबा कडुलिंबाच्या झाडाखाली. तिथे पाड्यांवरच्या पावरा आदिवासी बायका ओळीने बसतात. त्यांच्याकडे थोडंथोडंच असतं. गावठी उडीद, चिंच, बोरं, हरभऱ्याची कोवळी भाजी, कधी डिंक. पावसाळ्यात कटुर्ली ही रानभाजी. यांच्यातल्या बऱ्याच जणी किलोवर विकत नाहीत, वाटा लावतात. वाट्याचा भाव पाडू नका. दहा रुपयांच्या वाट्यातून दोन रुपये कमी करायला लावून आपल्या घरात काय भर पडते? उडीद मात्र मी मोजून घेतो, कारण आमच्या घरी किलोभर ज्वारीला पाव किलो अख्खा उडीद असं दळण असतं. त्यांचा उडीद बारीक, एकसारखा नसतो, एखादा खडाही निघतो. निवडायला अर्धा तास जातो. पण भाकरीला जो चिकटपणा आणि वास येतो, तो पॉलिश केलेल्या उडदाला येत नाही. हे मी दोन्ही करून पाहून लिहितोय.

17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. मी तेव्हा नोकरीत नव्हतो, पण त्याचा परिणाम मला लिंबाखाली दिसला. आधी पाड्यावरच्या बायका काळीपिवळीत टपावर ओझं टाकून, कोंबून येत, नाहीतर दोघी-तिघींचा माल एकीच्या हाती पाठवत. आता ज्या पाड्यापर्यंत गाडी जाते तिथली प्रत्येक जण आपला माल आपण आणते, आपण विकते. लिंबाखालची ओळ पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली आहे.

मिरची. नंदुरबारची ओली लाल मिरची तिथल्या पथाऱ्यांवर वाळते आणि मग आमच्याकडे येते, फापडा, जरेला, शंकेश्वरी अशा नावांनी. पूड घेऊ नका. अख्खी घ्या, मूठभर उचलून कानाजवळ हलवा. बी खुळखुळलं पाहिजे. मिरची चामड्यासारखी वाकत असेल तर वजनासाठी पाणी मारलेलं असतं, आणि ती मसाल्यात महिन्याभरात बुरशी धरते. वर्षाचा काळा मसाला करायचा असेल तर थांबा, होळीनंतर कडक ऊन पडू द्या.

आता तक्रार. बाजारपेठेत एक किराणा दुकान आहे, पाटी मोठी, गर्दी कायम. तिथून मी किलोभर उडीद डाळ आणली. घरी आमचा जुना तराजू आहे, शिक्क्याची वजनं आहेत. डाळ 910 ग्रॅम भरली. मी तशीच पिशवी घेऊन परत गेलो. दुकानदाराने वाद घातला नाही, "काटा हलला असेल" म्हणून मूठभर डाळ वर टाकली. पुढच्या महिन्यात साखर घेताना मी काट्याकडेच पाहत उभा राहिलो. काहीही ठेवलं नव्हतं तरी आकडा शून्यावर नव्हता. मी सगळ्यांसमोर तो शून्यावर आणायला लावला. मला भांडायची हौस नाही, पण माझ्या मागे जी बाई उभी होती ती रोजंदारीच्या पैशाने डाळ घेत होती. किलोमागे नव्वद ग्रॅम म्हणजे तिच्या घरचं एका वेळचं वरण. काटा शून्यावर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पिशवी पुढे करू नका, आणि काट्यावर वैधमापनचा शिक्का आहे का, तेही विचारा. विचारणं हा आपला हक्क आहे.

खाली बसणाऱ्या सगळ्याच सरळ असतात असंही नाही. मेथीच्या जुडीत आत पिवळी, चिकट पानं दडपलेली मला दोनदा मिळाली. जुडी सोडून पाहायची, सोडू देत नसेल तर पुढे जायचं. केळी आमच्या जिल्ह्याची जगभर जातात, पण बाजारात येतात ती बहुतेक वाहतुकीतून उरलेली. बरी मिळतात, एवढंच.

या बाजाराला पाचपैकी पाच देता येत नाहीत, आणि कारण माल नाही. सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत शंभरावर बायका इथे बसतात आणि त्यांच्यासाठी एक धड संडास नाही. जे आहे त्याला कुलूप. जागेची पावती मात्र प्रत्येकीकडून न चुकता फाडली जाते. मी माझ्या गाडीत पाहिलंय, या बायका निघाल्यापासून पाणी पीत नाहीत, कारण प्यायलं तर जायचं कुठे. उन्हाळ्यात एक पोरगी माझ्या गाडीत चक्कर येऊन पडली होती. पावतीचे पैसे घेता, तर कुलपाची किल्ली कोणाकडे आहे ते फलकावर लिहा. दोन अर्ज मी दिले आहेत, तिसरा लिहून तयार आहे.

जायचं तर साडेसात ते साडेनऊ. दहानंतर वांगी निवडून गेलेली असतात आणि चारनंतर भाव पडतो, पण उरतं तेच मिळतं. सुटे पैसे न्या. स्कॅनर आता मायकडेही आहे, तिच्या नातवाच्या खात्याचा, पण लिंबाखाली रोखच चालते. वांग्यांना वेगळी पिशवी ठेवा, वर बटाटे टाकले की साल दुखावते.

लिंबाखाली जिच्याकडून मी उडीद घेतो, तिला परवा दादरचं विचारलं. तापीकाठच्या काळ्या जमिनीत थंडीवर येणारी ही ज्वारी, तिच्या भाकरीसारखी भाकरी नाही. त्या बाईचा भाऊ दुसऱ्याची जमीन करतो, यंदा दीड बिघा दादर आहे. "होळीच्या पुढेमागे निघेल मास्तर, तुमची एक पायली बाजूला ठेवते," म्हणाली. मी खिशात हात घातला तर पैसे घेतले नाहीत. म्हणाली, आधी निघू तर द्या.