सुंता: वाजिब की सुन्नत, सातव्या दिवशी की सातव्या वर्षी?

मुंब्रा-कौसा, भिवंडी, राबोडी, तळोजा या पट्ट्यात कोकणी शाफई आणि उत्तरेकडून आलेली हनफी घरं (हे सुन्नी इस्लामचे दोन मसलक, म्हणजे धर्मशास्त्राचे पंथ) शेजारी नांदतात, आपसांत सोयरीकही होते. मुलगा झाला की दोन आज्या दोन गोष्टी सांगतात. एकीला सातव्या दिवशीच सुंता हवी असते. दुसरी म्हणते, सात वर्षांचा होऊ दे, मग मुसलमानी करू. दोघींच्या म्हणण्याला फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, आधार आहे. तो समजून मगच तारीख धरावी, कारण वय बदललं की पद्धत, भूल आणि धोके सगळंच बदलतं.

मसलकांचं म्हणणं

कुराणात सुंतेचा थेट उल्लेख नाही. चर्चेचा पाया मुख्यतः बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेल्या दोन हदीसांवर (पैगंबरांच्या वचन-आचरणाच्या नोंदींवर) आहे. पहिलीत फितरतच्या, म्हणजे माणसाच्या मूळ स्वभावाला धरून असलेल्या, पाच गोष्टी येतात: सुंता, नाभीखालचे केस काढणं, मिशा कातरणं, नखं कापणं, काखेतले केस काढणं. दुसरीत हजरत इब्राहीम यांनी वयाच्या ८०व्या वर्षी स्वतःची सुंता केल्याचं सांगितलं आहे.

शाफई या दुसरीकडे बोट दाखवतात. इब्राहीमांच्या मार्गाने चला, ही आज्ञा सूरा नहलमध्ये (१६:१२३) आहे, म्हणून सुंता वाजिब, म्हणजे बंधनकारक. हंबलीही पुरुषांसाठी वाजिबच मानतात. हनफी पहिल्या हदीसकडे पाहतात: सुंता तिथे नखं-मिशांच्या रांगेत आहे, आणि त्या वाजिब नाहीत, म्हणून ही सुन्नत-ए-मुअक्कदा, म्हणजे वाजिब नसली तरी आवर्जून पाळायची रीत. मालिकींचंही मत जवळपास तेच. मात्र सुन्नत म्हणजे केली तर केली, असा अर्थ काढू नये. हनफी ग्रंथांत सुंता ही इस्लामची खूण मानली आहे, आणि एखाद्या गावाने ठरवून ती सोडली तर राज्यकर्त्याने त्यांच्याशी लढावं इतकं कडक लिहिलं आहे. जाफरी शियांमध्ये सातवा दिवस पसंतीचा. लहानपणी राहून गेली तर वयात आल्यावर वाजिब, आणि तिच्याशिवाय पुरुषाचा हजचा तवाफ (काबाभोवतीची प्रदक्षिणा) ग्राह्य नाही.

फक्त कुराण प्रमाण मानणारा एक लहान प्रवाह सुंता नाकारतो. माणसाला उत्तम घडणीत निर्माण केलं (९५:४) आणि अल्लाहच्या निर्मितीत बदल करायला लावणं हे सैतानाचं काम (४:११९), हे त्यांचे आधार. ज्याला हदीस प्रमाण आहे त्याचं यावर समाधान होणार नाही, पण म्हणणं प्रामाणिक आहे. घरात कुणी तसं मानत असेल तर त्याला धर्मबुडवा ठरवून विषय संपवू नये.

वेळ: घोळ होतो तो इथेच

शाफई मतात सुंता वाजिब होते ती मुलगा वयात आल्यावर. त्याआधी आईबापांनी करून घेणं मुस्तहब, म्हणजे पसंतीचं. सातवा दिवस उत्तम, आणि तो मोजताना जन्माचा दिवस धरत नाहीत. अकीक्याच्या (बाळाच्या जन्मानिमित्तच्या कुर्बानीच्या) सातव्या दिवसात तो धरतात, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी येतात हा समज चुकीचा. सातवा हुकला तर चाळिसावा, तोही हुकला तर सातवं वर्ष, अशी पायरी ग्रंथांतच दिली आहे. हनफींमध्ये ठराविक वेळच नाही. इमाम अबू हनीफा यांनी याची वेळ मला माहीत नाही, असं म्हटल्याचं नमूद आहे. पुढच्या हनफी आलिमांनी साधारण ७ ते १० वर्षं सांगितली. मालिकींना तर सातवा दिवस नापसंत आहे, कारण ज्यूंची पद्धत त्याच्या जवळ जाते.

म्हणजे चाळिसाव्या दिवसापर्यंत थांबल्याने कुणाच्याच मसलकात गुन्हा होत नाही. आमच्या मते शाफई-हनफी घरासाठी हाच सगळ्यात सोयीचा टप्पा आहे. तोवर कावीळ उतरलेली असते, वजन वाढलेलं असतं, आणि पूर्ण भूल न देता काम होतं. तीन-चार महिन्यांनंतर बाळ हातपाय झाडतं, बहुधा पूर्ण भूल लागते, आणि मग बरेच सर्जन वर्ष उलटू द्या म्हणतात. सातव्या वर्षी करायची तर पूर्ण भूल द्या आणि मुलाला आधी खरं सांगा. पकडून, फसवून केलेली सुंता मूल विसरत नाही.

तान्ह्या बाळाची तयारी

वजन किमान अडीच किलो असावं. जन्मतः व्हिटॅमिन केचं १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं होतं का, हे डिस्चार्ज कार्डावर पाहा. आईकडच्या नात्यात, म्हणजे मामा किंवा मावसभाऊ यांपैकी कुणाला दात काढल्यावर रक्त थांबलं नव्हतं, असं असेल तर रक्त गोठण्याची तपासणी झाल्याशिवाय हात लावू देऊ नका. हिमोफिलिया आईकडून येतो.

लघवीचं छिद्र टोकाला आहे ना, हे तपासणं सगळ्यात महत्त्वाचं. कधी खालच्या बाजूची कातडी अपुरी असते आणि घरात ‘जन्मतःच सुंता झालेला’ म्हणून कौतुक होतं. तो बहुतेकदा हायपोस्पेडियास असतो: छिद्र खाली सरकलेलं, कधी लिंगही वाकलेलं. दुरुस्तीच्या ऑपरेशनला हीच कातडी लागू शकते, म्हणून सुंता त्यासोबतच होते. शरीराला धोका असेल तर थांबण्याची मुभा सगळेच मसलक देतात.

तान्ह्यांसाठी प्लास्टिबेल ही कड्याची पद्धत सर्रास वापरतात. प्लास्टिकचं कडं कातडीखाली बसवून वरून दोरा बांधतात, पुढची कातडी कापतात, आणि कडं ५ ते १० दिवसांत आपोआप गळतं. ते ओढू नये. मागे सरकून रुतलं किंवा दहा दिवसांत गळलं नाही तर त्याच दिवशी दाखवा. बधिर करणारं लिग्नोकेन ॲड्रेनलिन नसलेलंच हवं, किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे तीन किलोच्या बाळाला एक टक्क्याचं फार तर ०.९ मिली. ‘लेझर’ची जाहिरात दिसली तर नेमकं यंत्र विचारा. साधा मोनोपोलर कॉटरी (विजेने जाळून कापणारं यंत्र) असेल तर नकार द्या, कारण त्याच्या विजेने संपूर्ण लिंग भाजल्याच्या दुर्घटना नोंदल्या आहेत.

हज्जामाकडे की सर्जनकडे? सर्जनकडे. हज्जामाचा हात सफाईदार असेलही, पण छिद्र खाली आहे हे ओळखणं, रक्त न थांबल्यास टाका घेणं आणि हत्यार ऑटोक्लेव्ह करणं (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणं) या तीन गोष्टी तिथे बहुधा होत नाहीत. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात जाणार असाल तर मुलांचे सर्जन कोणत्या वारी असतात हे आधी विचारा.

किती कापायचं, हेही सर्जनला सांगायचं असतं. शाफई मतात टोकाचा पूर्ण बोंड उघडा व्हायला हवा. हनफींमध्ये अर्ध्याहून जास्त कातडी गेली तरी पुरतं. गुबगुबीत बाळाचं लिंग चरबीत दबतं आणि सुंता झालीच नाही असं वाटतं. अशा वेळी दुसऱ्यांदा कापण्याची घाई नको.

जखमेवरचा पिवळसर पातळ थर म्हणजे पू नव्हे, भरत असल्याची ती खूण असते. राख-हळद लावू नका. लंगोट बदलताना व्हॅसलीन पुरे. रक्त दाबूनही थांबत नसेल, आठ तास लघवी नसेल किंवा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर असेल तर लगेच न्या.

मोठेपणी

इस्लाम स्वीकारणाऱ्याला सुंता ही पूर्वअट नाही, शहादा (श्रद्धेची साक्ष) पुरते. खुरासानात नवमुस्लिमांच्या सुंता तपासाव्यात असं सुचवलं गेलं, तेव्हा खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांनी उत्तर दिल्याचं तबरीच्या इतिहासात आहे: अल्लाहने मुहम्मदांना बोलावणारा म्हणून पाठवलं, सुंता करणारा म्हणून नव्हे. वृद्धाला झेपत नसेल तर हनफी त्याला सूट देतात, आणि जिवाला धोका असेल तर शाफईही. धडधाकट तरुणाला बधिर करून साधारण तासाभरात होते. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा, नाहीतर जखम चिघळते. आठवडाभर बाइक नको, शरीरसंबंध चार ते सहा आठवडे नको. निकाहाची तारीख त्यानंतरचीच धरा.