वॉर्डात काम करणाऱ्या फार्मासिस्टने हा कोर्स करावा का? जरूर करावा

औषधशास्त्र आपण शिकलेलो असतोच. औषधाचं अर्धायुष्य (शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) किती, कशाबरोबर काय देऊ नये, सगळं पाठ असतं. पण राउंडला डॉक्टर विचारतात, "या पेशंटला हे चालू ठेवायचं की बंद करायचं?" तेव्हा पाठांतर पुरत नाही. पुराव्याधारित औषधोपचारावरचा हा ऑनलाइन कोर्स त्याच प्रश्नाला हात घालतो.

पहिलाच मोठा धडा कास्ट ट्रायलचा, म्हणजे ठोके नियमित करणाऱ्या औषधांच्या एका चाचणीचा. हार्ट अटॅकनंतर अनियमित पडणारे ठोके एन्केनाइड आणि फ्लेकेनाइडने दबतात, तेव्हा मृत्यूही टळणार, अशी समजूत होती. १९९१च्या अहवालात औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, प्लासिबोवरच्या (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) ७४३ पैकी २६. तेही सरासरी १० महिन्यांत. शिक्षक आधी फक्त ईसीजीचे आकडे देऊन आपल्याला निर्णय घ्यायला लावतात, मृत्यूंचा तक्ता मागाहून उघडतात. तो तक्ता बघून मी बराच वेळ पुढे गेलेच नाही. असं शिकवणं प्रत्येक फार्मसी कॉलेजात यायला हवं.

आकडेवारीचा भागही चांगला आहे. धोका २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आला की माहितीपत्रकात "५० टक्के घट" असं छापता येतं. प्रत्यक्षात एकाला फायदा व्हायला १०० जणांनी ती गोळी घ्यावी लागते. प्रश्नमंजुषा ठीकठाक.

कमी पडतं ते एकाच ठिकाणी, पण ते ठिकाण महत्त्वाचं आहे. कोर्समधल्या पेशंटला एकच आजार असतो. वॉर्डात ऐंशीच्या आजी येतात: ईजीएफआर (मूत्रपिंडं किती काम करतात त्याचा आकडा) २८, म्हणजे फारच कमी, तरी मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू, रक्तदाबाचं एसीई इनहिबिटर आणि लघवी वाढवणारं डाययुरेटिक आहेच, वर गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन. अशी माणसं बऱ्याच ट्रायल्समध्ये घेतलेलीच नसतात. मग तिथला पुरावा यांना कितपत लावायचा? यावर एकच छोटा व्हिडिओ आहे. मला इथे निदान दोन सविस्तर केसेस हव्या होत्या.

शेवटची असाइनमेंट मात्र फार कामाची: डॉक्टरांसाठी चार ओळींची नोट. काय बदलायचं, का, आणि पुढे कशावर लक्ष ठेवायचं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पुन्हा कधी तपासायचं हे त्यात नसेल तर परीक्षक नोट परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे.

नुकतेच पास झालेल्यांनी आधी थोडे दिवस वॉर्डात काढावेत, मग नाव नोंदवावं. डोक्यात खरे पेशंट असले की धडे जास्त पोचतात.