ठरलेला पगार की ८०-२०? एच-वन-बीवर कन्सल्टन्सी निवडण्याआधी

अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर कन्सल्टन्सीमार्फत, म्हणजे एका कंपनीच्या पगारावर राहून तिच्या क्लायंटकडे, काम करणाऱ्यांपुढे सहसा दोन तऱ्हेच्या ऑफर येतात. एक म्हणजे वर्षाचा ठरलेला पगार. दुसरी म्हणजे क्लायंट ताशी जो दर देईल त्यातले ८० टक्के तुमचे, २० कंपनीचे. (दहा-नव्व्याण्णववर, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, काम करायचं कुणी सुचवलं तर फोन ठेवून द्या. या व्हिसावर मालक लागतो आणि पगार डब्ल्यू-टूवरच, म्हणजे कर कापून नोकरदार म्हणूनच, यावा लागतो.)

८०-२० ऐकायला गोड लागतं. समजा बिलिंग रेट ताशी ७० डॉलर आहे. तुमच्या वाट्याला ५६, आणि वर्षाचे २,०८० तास धरले तर १,१६,४८० डॉलर. ठरलेल्या पगाराची ऑफर समजा १,०५,००० ची आहे. साडेअकरा हजारांचा फरक दिसतो, पण तो कागदावरचा.

सोशल सिक्युरिटीचे (सरकारी निवृत्तिवेतन) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) १.४५, असे ७.६५ टक्के पेरोल टॅक्स म्हणून तुमच्या पगारातून जातात. तेवढेच मालकालाही भरावे लागतात. ठरलेल्या पगारात मालकाचा हा हिस्सा १,०५,००० च्या व्यतिरिक्त असतो, त्यामुळे तो तुमच्या नजरेलाही पडत नाही. ८०-२० च्या बोलण्यात मात्र ‘पेरोल टॅक्स तुमच्या ८० मधून’ हे वाक्य हळूच येतं. मग त्या ५६ मध्ये तुमचा पगार आणि मालकाचा हिस्सा दोन्ही बसवायचे, आणि खरा ताशी दर उरतो ५२ डॉलर. आता दहा सरकारी सुट्ट्या आणि दोन आठवड्यांची भारतवारी वजा करा, कारण त्या तासांचं बिल होत नाही. उरलेल्या १,९२० तासांचे झाले एक लाखाच्या किंचित खाली. कुटुंबाचा आरोग्य विमा अजून धरलेलाच नाही.

एक मात्र पक्कं. ताशी पगार एकदा ठरला की मालकाचा हिस्सा त्यातून पुन्हा कापता येत नाही. पेस्लिपवर ७.६५ टक्के दोनदा कापलेले दिसले तर त्याला लबाडीच म्हणतात.

दोन ऑफरमधला खरा फरक प्रोजेक्ट संपल्यावर कळतो. कायदा दोघांना सारखाच आहे. एलसीएवर (मालकाने श्रम खात्याला दिलेल्या पगाराच्या हमीपत्रावर) लिहिलेला पगार, फुलटाइम असाल तर पूर्ण, बेंचवरही, म्हणजे प्रोजेक्ट नसतानाही, द्यावाच लागतो. ही तरतूद १९९८ पासूनची आहे. तुम्ही स्वतःहून रजा मागितली तरच सूट. काम नाही म्हणून पगार थांबवायचा असेल तर कंपनीने रीतसर नोकरी संपवावी, यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) कळवावं आणि मायदेशी परतायचं भाडं देऊ करावं. व्यवहारात ८०-२० वाले सर्रास ‘बिलिंग नाही तर पगार नाही’ म्हणतात. ‘क्लायंटचे पैसे आले की देतो’ हाही तसलाच प्रकार. वार्षिक पगारावर असाल तर निदान महिन्याला एकदा पगार मिळालाच पाहिजे, क्लायंट कधी का देईना. बेंचच्या महिन्याची पेस्लिप नसेल तर पुढे व्हिसा ट्रान्सफरच्या वेळी प्रश्न तुम्हाला विचारले जातात, कंपनीला नाही.

पर डिएमचं आमिषही ८०-२० बरोबरच जास्त येतं. पगार कमी दाखवायचा आणि उरलेलं राहण्या-जेवण्याच्या भत्त्यात करमुक्त द्यायचं. भत्ता करमुक्त ठरतो तो तुमचं मूळ ठिकाण दुसरीकडे असेल आणि तिथून दूरचं काम वर्षभराच्या आतलं असेल तरच. घर सोडून डॅलसला बिऱ्हाड हलवलंत, तर तेच तुमचं मूळ ठिकाण झालं. शिवाय ही रक्कम एलसीएच्या पगारात मोजली जात नाही आणि घरकर्जाच्या वेळी डब्ल्यू-टू किरकोळ दिसतो तो वेगळाच.

ओपीटीवरून (विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवरून) येणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे हा ७.६५ टक्क्यांचा कर लागत नाही, तुम्हालाही नाही आणि मालकालाही नाही. ऑक्टोबरमध्ये एच-वन-बी सुरू झाला की दोन्ही बाजूंनी लागतो. ओपीटीत ठरलेलं ८०-२० तसंच पुढे चालू ठेवलंत तर खिशाला दुहेरी कात्री बसते.

माझं मत विचाराल तर पहिली काही वर्षं आणि ग्रीन कार्डची फाइल चालू असताना ठरलेला पगारच घ्यावा. तो पाच-सात हजारांनी कमी असला तरी. ८०-२० त्यालाच परवडतं ज्याच्या कामाला सतत मागणी आहे, ज्याचा विमा जोडीदाराच्या नोकरीतून आहे आणि ज्याला क्लायंटचा खरा रेट कागदावर बघायला मिळतो. क्लायंट आणि कंपनी यांच्या मधल्या व्हेंडरने (मध्यस्थ कंपनीने) किती कापले हे जो दाखवत नाही, त्याचे ८० टक्के नक्की कशाचे?

कोणतीही ऑफर घ्या, मंजूर एलसीएची प्रत मागा; कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत ती तुम्हाला देणं कंपनीवर बंधनकारक आहे. एच-वन-बीच्या अर्जासोबत मालकाने सरकारला भरायची ट्रेनिंग फी तुमच्याकडून घेता येत नाही. ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडलीत म्हणून दंडही लावता येत नाही, मात्र खऱ्या नुकसानीची आधीच ठरवलेली भरपाई काही राज्यांत चालते, म्हणून करारातलं ते कलम वकिलाला दाखवा. पगार बुडवला तर श्रम खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे डब्ल्यूएच-४ फॉर्म भरून तक्रार करता येते, पण १२ महिन्यांच्या आत.