राज्याच्या ऊर्जा आराखड्यासाठी लीप की पायप्सा?

राज्याचा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा ऊर्जा आराखडा मांडायचा असेल, तर निवड बहुतेक वेळा या दोन संगणकीय साधनांपाशी येऊन थांबते. एक म्हणजे स्टॉकहोम एन्व्हायर्न्मेंट इन्स्टिट्यूटचं लीप (LEAP) आणि दुसरं म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं मुक्तस्रोत पायप्सा (PyPSA). दोन्ही वापरून माझा कल एका बाजूला झुकला आहे. तरी लीपची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यात दम आहे.

लीपचं खरं बळ मागणीच्या बाजूला आहे. किती घरं, त्यांपैकी कितींकडे पंखे, पंप किंवा शीतयंत्रं, आणि प्रत्येकाचा वार्षिक वापर किती, असा गुणाकार पायरीपायरीने रचता येतो. स्वयंपाकाचं इंधन, वाहनं, उद्योगांतली उष्णता हे सगळं एकाच झाडाच्या फांद्यांवर बसतं आणि उत्सर्जनाचा हिशेब सोबत निघतो. खात्यातल्या माणसाला प्रोग्रॅमिंग न येता हे झाड वाचता येतं, त्यातला आकडा बदलून परिणाम पाहता येतो. पायप्साला मागणी तयार स्वरूपात, तासागणिक द्यावी लागते. ती कुठून आणायची हा प्रश्न ते तुमच्यावर सोडतं.

माझ्यासाठी निर्णय झाला तो लीपमधल्या एका रकान्यामुळे. त्याचं नाव कपॅसिटी क्रेडिट. कमाल मागणीच्या वेळी एखाद्या प्रकारच्या क्षमतेवर किती टक्के भरवसा ठेवायचा, हा आकडा तिथे आपण हाताने भरतो आणि त्यावरून राखीव क्षमता पुरेशी आहे की नाही ते ठरतं. कोळशाच्या संचांसाठी हे चालून जातं. पण १०,००० मेगावॉट सौर क्षमतेला २० टक्के लिहिलं तर २,००० मेगावॉट धरले जातात, ४० टक्के लिहिलं तर ४,०००. या २,००० मेगावॉटच्या फरकावरून नवं औष्णिक केंद्र किंवा साठवण प्रकल्प आराखड्यात येतो नाहीतर गळतो. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर शोधायला प्रारूप (मॉडेल) उभारलं, ते उत्तर आपणच आत लिहून ठेवलेलं असतं. शिवाय हा आकडा स्थिर नसतो. सुरुवातीचा सौर वाटा दुपारचा भार कापतो, उरलेली कमाल मागणी सूर्यास्तानंतर सरकते, आणि त्यापुढच्या प्रत्येक मेगावॉटची भर त्या घटकेला जवळजवळ शून्य ठरते. अहवालात मात्र पहिल्या वर्षीचा टक्का पुढच्या सगळ्या वर्षांना चिकटलेला दिसतो.

लीपमध्ये वर्षाचे कालखंड वाढवता येतात, नेमो हे जोड-साधन वापरून किमान खर्चाची मांडणीही करता येते, हे खरं. पण ऋतू आणि दिवस-रात्र अशा मोजक्या खंडांवर काम चालतं तेव्हा वाऱ्याची सरासरी लागते. सलग पाच दिवस वारा पडलेला असणं त्या सरासरीत उरत नाही, आणि साठवणीची गरज नेमकी तिथूनच जन्मते.

पायप्सा वर्षाचे ८,७६० तास त्यांच्या क्रमाने मांडून सगळे एकत्र सोडवतं, त्यामुळे हा रकाना लागतच नाही. प्रत्येक नोडवर, म्हणजे वीजजाळ्यातल्या प्रत्येक ठिकाणावर, अतिशय महाग दराचा एक काल्पनिक जनित्र जोडून ठेवा. तो नसला तर तुटवडा पडताच सॉल्व्हर (हे गणित सोडवणारा प्रोग्रॅम) ‘उत्तर शक्य नाही’ एवढंच सांगतो, कुठे अडलं ते सांगत नाही. तो असला की ज्या तासाला, ज्या ठिकाणी तो चालला, तिथे वीज कमी पडली हे थेट दिसतं.

चुका होतात त्या ठरलेल्या जागी. पायप्सात कॅपिटल कॉस्टच्या (भांडवली खर्चाच्या) जागी एकरकमी खर्च देऊन चालत नाही, वार्षिक हप्ता द्यायचा: ७ टक्के दर आणि २५ वर्षं आयुष्य असेल तर एकरकमी खर्चाला ०.०८५८ ने गुणा. हे राहिलं तर सौर वीज जवळपास बारापट महाग दिसते. चाचणीसाठी एकच आठवडा चालवणार असाल तर तासांचं वजन (एक तास वर्षातल्या किती तासांच्या जागी मोजायचा) असं ठेवा की बेरीज ८,७६० येईल. नाहीतर इंधनाची बचत आठवड्याची आणि भांडवल वर्षाचं धरलं जातं, आणि प्रारूप काहीच नवं बांधत नाही. ईआरए५ या जागतिक हवामान-संचातली माहिती युटीसी (जागतिक प्रमाण) वेळेत असते, भाराच्या नोंदी स्थानिक वेळेत. दोन्ही जुळवल्या नाहीत तर सूर्य भलत्याच वेळी उगवतो. ईआरए५ची एक चौकट सुमारे ३० किलोमीटरची असल्याने डोंगरकड्यांवरचा वारा कमी दिसतो, तो चालू प्रकल्पांच्या मासिक उत्पादनाशी ताडून घ्यावा. आणि भारनियमन चालू असलेल्या काळातली भाराची नोंद म्हणजे पुरवठा, मागणी नव्हे.

संगणकाला झेपत नसेल तर मी आधी नोड कमी करेन, तासांना हात शेवटी लावेन. तीन-तीन तासांची सरासरी घेतली की संध्याकाळचा चढ बोथट होतो, आणि त्याच्यासाठीच तर हा खटाटोप. पारेषणाची (वीजवाहिन्यांची) कोंडी हाच तुमचा मुख्य प्रश्न असेल तर हा क्रम उलटा करावा लागेल.

पायप्साची एक उणीव मात्र मान्य करावी लागते. त्याला सगळ्या वर्षाचं हवामान आधीच ठाऊक असतं, त्यामुळे बॅटऱ्या प्रत्यक्षापेक्षा हुशारीने वापरल्या जातात आणि गरज थोडी कमी निघते. निदान काही वेगवेगळी हवामान-वर्षं चालवून सर्वांत वाईट वर्षाकडे पाहावं.

प्रश्न चुलीपासून ट्रकपर्यंत सगळ्या ऊर्जेचा असेल, किंवा प्रारूप खात्यातच राहून दरवर्षी कुणीतरी अद्ययावत करायचं असेल, तर लीप घ्या. सौर, पवन आणि साठवण किती, कुठे, हा प्रश्न असेल तर मी पायप्साकडे वळेन. दोन्ही जमत असेल तर लीपमधून वार्षिक मागणी काढा, तिला तासांचा आकार द्या (विद्युत वाहनांचा वेगळा, कारण चार्जिंगची वेळ सगळं बदलते) आणि पायप्सात घाला. मग सौर-पवन वजा केल्यावर उरणाऱ्या भाराचे सर्वांत जड १०० तास निवडा. त्या तासांतलं सरासरी सौर उत्पादन भागिले सौर क्षमता, हा आकडा लीपच्या कपॅसिटी क्रेडिट रकान्यात भरा. सौर वाटा वाढेल तसा तो प्रत्येक टप्प्याला नव्याने काढावा लागतो.