बायसेपने मॉड्यूल प्रसिद्ध करताना : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेले दहा महिने आमच्या टीमचे अझूरवरचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर काय उभारायचे ते सांगणारे, पायाभूत साचे मी बायसेप या भाषेत मॉड्यूल (पुन्हा पुन्हा वापरता येणारे तुकडे) म्हणून लिहितो आणि तिच्याच कमांड-लाइन साधनाने खासगी रजिस्ट्रीत, म्हणजे आमच्यापुरत्या सामायिक भांडारात, प्रसिद्ध करतो. ज्या ‘अझूर रिसोर्स मॅनेजर’ या यंत्रणेवर ही भाषा उभी आहे तिच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘आर्म’ असा होतो, म्हणजे हात. त्यावरून या भाषेचे नाव बायसेप पडले. मराठीत नामकरण झाले असते तर ‘बेटकुळी’ म्हणावे लागले असते. 2020 मध्ये ती लोकांसमोर आली, 2021 मध्ये 0.3 आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने तिला अधिकृत पाठबळ दिले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खासगी रजिस्ट्रीची सोय आली. माझा अनुभव प्रामुख्याने या शेवटच्या सोयीचा आहे.

त्याआधी आमच्याकडे जी पद्धत होती तिला पद्धत म्हणणेही धाडसाचे ठरेल. नवा प्रकल्प सुरू झाला की जुन्या प्रकल्पातला फोल्डर उचलायचा, नावे बदलायची आणि पुढे जायचे. स्टोरेज अकाउंटचा, म्हणजे अझूरवर डेटा साठवण्याच्या जागेचा, एकच साचा अशा रीतीने पाच ठिकाणी पसरला होता आणि पाचही ठिकाणी तो थोडा थोडा वेगळा झाला होता. एकीकडे सार्वजनिक प्रवेश बंद, दुसरीकडे चालू, आणि हा फरक मुद्दाम ठेवला की राहून गेला, हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला.

मॉड्यूल तयार करणे यात अवघड असे काही नाही. साधी बायसेप फाइलच मॉड्यूल असते. तिचे पॅरामीटर (आत द्यायच्या किमती, म्हणजे व्हॅल्यू) हे तिचे दार आणि आउटपुट (बाहेर मिळणाऱ्या किमती) ही तिची खिडकी. प्रत्येक पॅरामीटरवर वर्णन लिहून ठेवले, तर वापरणाऱ्याला एडिटरमध्ये त्या नावावर माउस नेताच ते दिसते, आणि स्वीकारार्ह किमतींची यादी दिली असेल तर चुकीची किंमत लिहिता क्षणी तिच्याखाली लाल रेघ उमटते. स्टोरेज अकाउंटच्या नावाचेच पाहा. ते 3 ते 24 अक्षरांचे, फक्त लहान इंग्रजी अक्षरे आणि अंक असलेले, आणि साऱ्या अझूरमध्ये एकमेव असावे लागते. मी नाव मागणेच बंद केले. प्रकल्पाचा जास्तीत जास्त 11 अक्षरांचा उपसर्ग मागतो आणि त्यापुढे ‘युनिकस्ट्रिंग’ या फंक्शनने मिळणारी 13 अक्षरे जोडतो. बेरीज बरोबर 24 भरते. ठिकाणासाठी मूळ किंमत (काही न दिल्यास धरली जाणारी) ‘सेंट्रलइंडिया’ ठेवली आहे, म्हणजे आमचे पुणेच, आणि बहुतेकांना ती बदलावी लागत नाही.

प्रसिद्ध करण्यासाठी ‘बायसेप पब्लिश’ ही एक कमांड पुरते. तिला फाइल द्यायची आणि ‘टार्गेट’ या पर्यायात रजिस्ट्रीचा पत्ता, मॉड्यूलचे नाव व आवृत्तीचा टॅग लिहायचा. रजिस्ट्री म्हणजे कंटेनरच्या इमेज (प्रोग्राम चालवण्याचे तयार गठ्ठे) ठेवण्यासाठी वापरतात तीच अझूर कंटेनर रजिस्ट्री. मॉड्यूल तिथे जेसनमध्ये, म्हणजे अझूर वाचते त्या मजकूर-स्वरूपात, रूपांतरित होऊन जाते. मूळ बायसेपही सोबत पाठवायचे असेल तर ‘विथ-सोर्स’ हा पर्याय जोडावा. तो मी पहिले तीन महिने जोडला नव्हता, आणि वापरणाऱ्याने एडिटरमधून मॉड्यूलच्या व्याख्येकडे उडी मारली की त्याच्यासमोर शेकडो ओळींचे जेसन उलगडत असे. तो पर्याय न जोडण्याचे एकही कारण मला आजवर सापडलेले नाही.

आता सर्वांत महागात पडलेली गोष्ट, आणि ती पूर्णपणे माझी चूक होती. तोच टॅग पुन्हा प्रसिद्ध करायला गेल्यास साधन नकार देते आणि ओव्हरराइट करायचे असेल तर ‘फोर्स’ वापरा असे सांगते. स्टोरेजच्या मॉड्यूलची 1.2.0 ही आवृत्ती मी सकाळी प्रसिद्ध केली होती. दुपारी लक्षात आले की सार्वजनिक नेटवर्कवरून प्रवेशाची मूळ किंमत ‘चालू’ राहिली आहे. अजून कोणी घेतले नसेल, असे गृहीत धरून मी ती ‘बंद’ केली आणि ‘फोर्स’ लावून तीच आवृत्ती पुन्हा चढवली. प्रत्यक्षात एका सहकाऱ्याने ती मधल्या वेळात घेतली होती. एकदा उतरवलेले मॉड्यूल बायसेप होम फोल्डरमधल्या कॅशेत, म्हणजे स्थानिक साठ्यात, ठेवते आणि पुढच्या वेळी रजिस्ट्रीकडे न जाता तेच वापरते. त्यामुळे त्याच्या लॅपटॉपवर ‘व्हॉट-इफ’ (काय बदलेल ते आधीच दाखवणारी सोय) चालवल्यावर काहीही बदल दिसला नाही, आणि पाइपलाइनच्या (ही कामे आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या) कोऱ्या मशीनने मात्र नवे मॉड्यूल उतरवून चाचणी वातावरणातील स्टोरेजचे दार लावून टाकले. तोच कोड, तीच आवृत्ती आणि निकाल मात्र दोन, हे कोडे सोडवण्यात आमचा अर्धा दिवस गेला. शेवटी त्याच्या होम फोल्डरमधील बायसेपच्या कॅशेत जाऊन 1.2.0 खालच्या जेसन फाइलची वेळ पाहिली, ती सकाळची निघाली. ‘बायसेप रिस्टोअर’ला ‘फोर्स’ जोडून चालवल्यावर दोन्हीकडचे चित्र एक झाले. ‘फोर्स’ हा शब्द दोन्ही कमांडमध्ये आहे. पहिल्याने लावलेली आग दुसऱ्याने विझवावी लागली.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. रजिस्ट्रीत लिहिण्याची ‘एसीआरपुश’ भूमिका माणसांकडून काढून फक्त पाइपलाइनला दिली, आणि पाइपलाइन प्रसिद्ध करून झाल्याबरोबर त्या टॅगवरचे लेखन बंद करते, जेणेकरून ‘फोर्स’ लावूनही तो बदलता येऊ नये. मॉड्यूल वापरणाऱ्यांना ‘एसीआरपुल’ पुरते.

काही उणिवा मात्र नियम करून सुटत नाहीत. मॉड्यूलचा संदर्भ हा जशाच्या तशा लिहिलेल्या मजकुराचाच असावा लागतो, त्यात व्हेरिएबल चालत नाही. रजिस्ट्रीचा लांबलचक पत्ता कॉन्फिग फाइलमधील उपनावामागे लपवता येतो, पण आवृत्ती प्रत्येक ठिकाणी हातानेच लिहावी लागते. एका प्रकल्पात मॉड्यूल नऊ फाइलींत वापरले असेल तर नवी आवृत्ती घेणे म्हणजे नऊ ओळींचे शोधा-आणि-बदला. ‘व्हॉट-इफ’ कधीकधी न होणारे बदलही दाखवते, आणि त्या गोंगाटाची सवय झाली की खरा बदल नजरेतून सुटण्याचा धोका असतो. साधे आउटपुट डिप्लॉयमेंटच्या, म्हणजे अझूरवर साचा उभा करण्याच्या, इतिहासात राहतात, म्हणून स्टोरेजची किल्ली आउटपुटमधून बाहेर देण्याची मागणी मी आजवर दोनदा नाकारली आहे. कोडमधल्या चुका हेरणारा लिंटरही त्याबद्दल इशारा देतो, पण तो नुसता इशारा असतो. टेराफॉर्म या अशाच दुसऱ्या साधनावरून येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे : इथे काय उभारले आहे त्याची नोंद ठेवणारी स्टेट फाइल सांभाळावी लागत नाही, हे सुख मोठे आहे, परंतु नेहमीच्या पद्धतीने डिप्लॉय करताना फाइलमधून काढलेली वस्तू अझूरमधून आपोआप जात नाही.

सगळी मॉड्यूल स्वतः लिहिण्याचा हट्ट मी सोडला आहे. मायक्रोसॉफ्टच्या सार्वजनिक रजिस्ट्रीत ‘अझूर व्हेरिफाइड मॉड्यूल्स’ ही तयार मॉड्यूल आहेत. की व्हॉल्ट या किल्ल्या व गुपिते ठेवण्याच्या सेवेसाठी आम्ही तेच घेतो आणि त्यावर आमच्या नावांच्या व टॅगांच्या (इथे अझूरमधील वस्तूंना लावायच्या लेबलांच्या) नियमांचे पातळ आवरण घालून आमच्या रजिस्ट्रीत ठेवतो. त्या मॉड्यूलमधील पॅरामीटरची संख्या पाहून नवखा माणूस दबकतो, आवरणाने ती सातवर आली आहे.

गेल्या आठवड्यात नेटवर्कच्या मॉड्यूलमधील एका वर्णनात शुद्धलेखनाची चूक सापडली आणि एका सहकाऱ्याने विचारले, की एवढ्यासाठी तीच आवृत्ती पुन्हा चढवता येणार नाही का. पाइपलाइनने नाही म्हटले. एका वेलांटीसाठी 1.4.1 निघाली.