१६ महिन्यांनंतर: कमिशनचा दर घटला हे कळलं, पण मेख तारखेत होती

जुलैच्या कमिशनचं स्टेटमेंट ऑगस्टअखेर आलं. जूनचे ७,४२० रुपये होते, जुलैचे ३,८६०. १ जुलैपासून शेती-बागकाम गटाचा दर ६ वरून ३.५ टक्के होणार, असा मेल जूनमध्येच आला होता. त्यामुळे रक्कम कमी येणार याची तयारी होती. पण माझ्या हिशेबाने इतकी कमी यायला नको होती.

मी देवगडचा. हापूसच्या बागा आणि भातशेतीला लागणारी यंत्रं वापरून बघतो, त्याबद्दल लिहितो आणि खाली लिंक देतो. मे २०२४ पासून एका ऑनलाइन विक्री कंपनीच्या अफिलिएट प्रोग्रॅममध्ये आहे, म्हणजे माझ्या लिंकवरून कोणी माल घेतला की मला त्यावर कमिशन मिळतं. कुठल्या ऑर्डरचे किती मिळाले ते कंपनीच्या साइटवर आमच्या पॅनेलमध्ये दिसतं. आता थेट मुद्द्यावर येतो.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या लिंकवरून ११ ग्रास कटर गेले, प्रत्येकी ८,५०० रुपयांचे. जुन्या दराने एका मशीनमागे ५१० रुपये मिळायला हवे होते. चार मशीनचे तसे मिळाले. सात मशीनसमोर २९७.५० लिहिलेले होते. ऑर्डर २४ ते ३० जूनमधली, ग्राहकाने पैसेही तेव्हाच भरलेले. मग जुलैचा दर कसा लागला? तीन रात्री पॅनेल उघडून बसलो तेव्हा एका कोपऱ्यातला रकाना दिसला: माल रवाना झाल्याची तारीख. दर ऑर्डरच्या दिवसाचा नाही, माल गोदामातून निघाल्याच्या दिवसाचा धरतात. अटींमध्ये हे एका ओळीत लिहिलेलं आहे. दर बदलल्याच्या मेलमध्ये मात्र त्याचा उल्लेख नव्हता.

पुण्या-मुंबईच्या माणसाला यात काही वाटणार नाही, तिथे आज ऑर्डर केली की उद्या माल निघतो. आमच्या पिनकोडला जड माल चार-पाच दिवस उशिराच निघतो, पावसात तर आणखी. म्हणजे तोच लेख, तीच लिंक, तेच मशीन, आणि देवगडच्या गिऱ्हाइकामागे मला २१२.५० रुपये कमी. सात मशीनचे १,४८७.५०. रक्कम मोठी नाही. पण कष्ट जूनमध्ये झाले होते, आणि माझ्या हातात नसलेल्या गोष्टीवरून ते कापले गेले. याचा मला मनापासून राग आहे.

दर कापण्याचा हा प्रकार नवा नाही. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचर, घर आणि बागकामाचा दर ८ वरून ३ टक्क्यांवर आणला होता, तोही आठवडाभराच्या सूचनेवर. आम्हाला निदान तीन आठवडे मिळाले.

इथवर मी सगळा दोष कंपनीवर टाकत होतो. मग परत आलेल्या मालाची यादी काढली आणि मत थोडं बदलावं लागलं. दहा ताडपत्र्या परत आल्या होत्या. एकीमागे ११२ रुपये कमिशन, म्हणजे १,१२० वजा. लेखात मी २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम, म्हणजे जाड) ताडपत्री घ्या असं लिहिलं होतं आणि लिंक उघडत होती १२० वर. लोकांनी विश्वासाने घेतली, पातळ निघाली, परत पाठवली. ही चूक सर्वस्वी माझी. लिंक त्याच रात्री बदलली.

दुसरं नुकसान कुकीचं, म्हणजे गिऱ्हाईक माझ्या लिंकवरून आलं याची त्याच्या ब्राउझरमध्ये राहणारी नोंद. या प्रोग्रॅममध्ये ती २४ तास टिकते, आणि शेवटी ज्याच्या लिंकवर क्लिक झालं त्यालाच पैसे. आमच्याकडे कोणी एका दिवसात मशीन घेत नाही. घरात विचारणार, शेजाऱ्याचं चालवून बघणार, मग घेणार. वाडीतले एक काका परवा कौतुकाने म्हणाले, "तुज्या लिंकवरसूनच घेतलंय रे!" लिंक उघडली होती गणपतीआधी, ऑर्डर दिली विसर्जनानंतर. माझ्या खात्यात शून्य. त्यांना काही बोललो नाही. आता लोकांना एवढंच सांगतो की ठरलं की मग लिंक मागा.

एका बाबतीत मात्र सुखद धक्का बसला. ऑक्टोबर २०२४ मध्ये टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) ५ ऐवजी २ टक्केच कापलेला दिसला. मला वाटलं चुकलंय, पुढे वसूल करतील. कणकवलीच्या आमच्या कर सल्लागारांनी सांगितलं की प्राप्तिकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम १९४एच खाली कमिशनवरचा दर १ ऑक्टोबरपासून खरंच २ टक्के झालाय. एप्रिल २०२५ पासून वर्षाला किती कमिशनपर्यंत टीडीएस कापायचा नाही ती मर्यादाही १५,००० वरून २०,००० झाली. कापलेला टीडीएस कर खात्याच्या २६एएस या पत्रकात दिसला, आणि कर लागत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो. मला मिळाला. पॅन मात्र पहिल्याच दिवशी भरा, नाहीतर २० टक्के कापतात.

प्रोग्रॅम सोडलेला नाही. पैसे ठरल्या तारखेला येतात, आजवर एकही हप्ता चुकलेला नाही, आणि हे सगळीकडे मिळत नाही. पण पॅनेलवर आता विसंबून राहत नाही. वहीत प्रत्येक ऑर्डरपुढे दोन तारखा लिहितो, मागवल्याची आणि निघाल्याची. बेणणीच्या हंगामाचा ग्रास कटरचा लेख या वेळी पंधरा दिवस आधी टाकतोय.

त्या सात ऑर्डरींचे क्रमांक आणि दोन्ही तारखा जोडून तिसरा मेल सोमवारी पाठवलाय. पहिल्या दोन मेलना "अटी वाचा" एवढंच उत्तर आलं होतं. अटी वाचल्यात. मी मागतोय ते एवढंच, की पुढच्या वेळी दर बदलाल तेव्हा ही तारखेची ओळ मेलमध्ये पहिली लिहा.