शून्य लेटन्सी, आणि मावशीची दुसरी संध्याकाळ

मावशीच्या आवाजातली पाच गाणी नीट रेकॉर्ड करून ठेवायची, एवढंच मला हवं होतं. तिला स्टुडिओत नेणं शक्य नव्हतं, जिना उतरला तरी तिला धाप लागते. म्हणून सगळं सामान मीच तिच्या खोलीत न्यायचं ठरवलं. माइक आणि गिटार माझ्याकडे होतं. लॅपटॉप आणि दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) घ्यायचा होता. त्या खरेदीत माझी जी फसवणूक झाली ती मी सविस्तर लिहिते आहे, कारण त्या माणसाने वापरलेली प्रत्येक युक्ती उद्या तुमच्यावरही चालू शकते.

जाहिरात जुन्या वस्तूंच्या विक्रीची होती. लॅपटॉप, इंटरफेस, सॉफ्टवेअर भरलेलं, वर एक टेराबाइटची पोर्टेबल एसएसडी भेट. ‘रेकॉर्डिंगसाठी तयार संच’ असं लिहिलं होतं. भेटायला आलेला माणूस मवाळ बोलणारा होता आणि त्याला या कामाची भाषा येत होती: बफर, गेन, प्रीॲम्प. मला विश्वास वाटला तो तिथेच. आपल्या छंदाची भाषा बोलणारा माणूस आपल्याला आपल्यातलाच वाटतो.

त्याने लॅपटॉप चार्जरशिवाय उघडला. “बघा ताई, कुठेही बसून काम करता येतं.” साठ ट्रॅकचा एक प्रोजेक्ट सुरू केला, तो कुठेही न अडखळता वाजला. मग त्याने स्वतःचा माइक जोडला, हेडफोन माझ्या हातात दिले आणि म्हणाला, “स्वतः गाऊन बघा. झिरो लेटन्सी.” मी गायले. आवाज त्याच क्षणी कानात आला, जराही उशीर नाही. वीस मिनिटांत मी पैसे पाठवले. त्याआधी त्याने माझ्याकडून एक मेसेज लिहून घेतला: ‘वस्तू तपासून घेतल्या, तक्रार नाही.’

त्या वीस मिनिटांत त्याने जे जे केलं, ते काहीतरी झाकण्यासाठी होतं. एकेक करून सांगते.

आधी ती शून्य लेटन्सी. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण असतं. ते चालू असलं की माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये जाण्याआधीच थेट हेडफोनकडे वळवला जातो. म्हणजे मी जे ऐकलं त्यात लॅपटॉपचा काही संबंधच नव्हता. लॅपटॉप बंद असता आणि इंटरफेसला नुसती वीज मिळत असती, तरी मला तेवढंच ऐकू आलं असतं. खरी परीक्षा ते बटण बंद करून, सॉफ्टवेअरमधून आवाज फिरवून घेतल्यावर होते. कॉम्प्युटर आवाज तुकड्यातुकड्याने उचलतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल (नमुने) असताना, १२८ सॅम्पलचा बफर ठेवला तर बफरचा उशीर सुमारे २.७ मिलिसेकंद. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, शिवाय ड्रायव्हरचा आणि कन्व्हर्टरचा थोडा. सगळं मिळून दहाच्या आत असेल तर गाणारा माणूस बिचकत नाही. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे हा उशीर तीनेक मीटरवरच्या स्पीकरमधून ऐकण्याइतकाच.

आता साठ ट्रॅकची गोष्ट. घरी येऊन सेटिंग्ज पाहिल्या तर बफर २०४८ वर होता, म्हणजे जवळजवळ ४३ मिलिसेकंद. आणि त्या ट्रॅकमध्ये एकही प्लगइन (इफेक्ट देणारा जोड-प्रोग्राम) जिवंत नव्हता, सगळे इफेक्ट आधीच ऑडिओत छापलेले. तयार ऑडिओ मोठ्या बफरवर नुसता वाजवायला फार ताकद लागत नाही. मी बफर १२८ वर आणला, गिटारसाठी एक ॲम्पचा प्लगइन लावला आणि तडतड सुरू झाली.

लॅपटॉपवर आय७ चा स्टिकर होता आणि प्रोसेसर खरंच आय७ होता. पण सातव्या पिढीतला, ७५०० यू. २०१६ मध्ये आलेला, कमी वीज खाणारा, दोनच कोअरचा. नुसतं आय५, आय७ ऐकून काहीही कळत नाही. पुढचा आकडा आणि शेवटचं अक्षर पाहावं लागतं. विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ होतं ते त्या तपासणीला बगल देऊन बसवलेलं. परत विंडोज १० वर जावं, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. भरून दिलेली सॉफ्टवेअरही चोरीची निघाली. कंपनीच्या साइटवर लॉगिन करायला गेले तेव्हा माझ्या नावावर एकही लायसन्स नव्हतं. चोरीच्या प्लगइनसोबत आणखी काय आत शिरलं असेल या भीतीने मी सगळी डिस्क पुसली आणि त्या लॅपटॉपवर टाकलेले सगळे पासवर्ड बदलले.

चार्जर काढून दाखवण्यामागेही कारण होतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर उरणारी क्षमता शेजारी शेजारी दिसते. माझी जेमतेम एक तृतीयांश उरली होती. वीस मिनिटांच्या डेमोला ती पुरली, मावशीच्या पहिल्या गाण्याला पुरली नाही. मग चार्जर लावला आणि रेकॉर्डिंगमध्ये घरघर आली. चार्जर मूळ कंपनीचा नव्हताच. यूएसबीवरच चालणाऱ्या इंटरफेसमध्ये अशा चार्जरचा गोंगाट ग्राउंडच्या (अर्थच्या) तारेच्या वाटेने शिरतो. इथे एक कळकळीने सांगते: ही घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. चार्जर बदला, किंवा चांगल्या बॅटरीवर रेकॉर्ड करा.

इंटरफेसने मात्र मला सगळ्यात जास्त फसवलं. बाहेरून ते एका नावाजलेल्या कंपनीचं मॉडेल दिसत होतं, रंग तोच, बटणं तीच. कंपनीचं कंट्रोल सॉफ्टवेअर घातलं तर त्याला ते सापडेना. सिरियल नंबर नोंदवायला गेले तर तो आधीच दुसऱ्या कोणाच्या नावावर. विंडोजच्या यादीत त्या डब्याचं नाव नुसतं ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ असं येत होतं. साध्या, स्वस्त चिपचं हे ठरलेलं नाव. डब्यावर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ छापलेलं. मी २४ बिटमध्ये रेकॉर्ड करून बिट मीटर (खरंच किती बिट वापरले जातात ते दाखवणारं साधन) लावला तर खालचे आठ बिट पूर्ण रिकामे, म्हणजे प्रत्यक्षात १६ बिट. ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम पाहिला तर २४ किलोहर्ट्झच्या वर काहीच नाही, कुऱ्हाडीने तोडल्यासारखं. ४८ वर पकडलेला आवाज (त्यात निम्म्यापर्यंतचे, म्हणजे २४ पर्यंतचेच सूर येतात) सॉफ्टवेअर ताणून ९६ म्हणून दाखवत होतं. आवाज रेकॉर्ड करायला ४८ पुरेसे आहेत हे मला मान्य आहे. पण जो डबा याबद्दल खोटं बोलतो तो बाकी कशाबद्दल खरं बोलेल?

माझ्या कंडेन्सर माइकला फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसने केबलमधूनच पुरवलेली वीज लागते, ४८ व्होल्ट. विकणाऱ्याने आणलेला माइक डायनॅमिक होता, त्याला ती लागतच नाही. डब्यावरचं ४८ व्होल्टचं बटण दाबलं की लाल दिवा लागायचा, पण मावशीचा आवाज पातळ आणि खरखरीत येत होता. मी दोन दिवस माइकला दोष दिला. शेवटी मल्टिमीटर घेतला. एक्सएलआरच्या (माइकच्या तीन पिनांच्या केबलच्या) १ नंबरच्या पिनवर मीटरची काळी तार, २ नंबरवर लाल. मानकाप्रमाणे ४४ ते ५२ व्होल्टच्या मध्ये आकडा यायला हवा. माझ्या मीटरवर १५ सुद्धा पूर्ण नव्हते. यूएसबीतून येतात पाच व्होल्ट; ते ४८ पर्यंत चढवायला वेगळं सर्किट लागतं, आणि बनावट माल करणारा सगळ्यात आधी तेच गाळतो. दिवा लावायला काहीच खर्च येत नाही.

इथपर्यंतचं नुकसान पैशांचं होतं. पुढचं तसं नाही.

भेट म्हणून मिळालेल्या त्या एसएसडीवर मी माझे जुने प्रोजेक्ट आणि सॅम्पल लायब्ररी हलवल्या होत्या. मग मावशीची पहिली संध्याकाळ, आणि नंतर दुसरी. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक तासाला सुमारे ५२० मेगाबाइट घेतो. एक टेराबाइटच्या हिशोबात हे काहीच नाही, म्हणून मी दुसरी प्रत काढायची घाई केली नाही. दुसऱ्या संध्याकाळच्या फाइल्स फोल्डरमध्ये दिसत होत्या. नावं बरोबर, आकारही बरोबर. उघडल्या तर आत सरळ रेघ.

अशा बनावट डिस्कच्या आत एक छोटं मेमरी कार्ड असतं आणि तिचा कंट्रोलर कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगतो. खरी जागा भरली की पुढे लिहिलेलं कुठेच जात नाही, किंवा आधीच्या डेटावर जाऊन बसतं. पण फाइलचं नाव आणि आकार यादीत राहतो, त्यामुळे कळत नाही. हे पकडायला विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफ३ नावाचं मोफत साधन आहे. ते डिस्क काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतं. तासन्तास लागतात, लागू द्या. कोणतीही नवी डिस्क मी आता याशिवाय वापरत नाही, आणि रेकॉर्डिंग संपल्यावर दोन ठिकाणी प्रत गेल्याशिवाय माइकची केबलसुद्धा काढत नाही.

त्या माणसाचा नंबर तोपर्यंत बंद झाला होता, जाहिरातही गेली होती. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मी घेतला नव्हता. बँकेत आणि पोलिसांकडे तक्रार केली, तेव्हा माझाच तो मेसेज पुढे आला: तपासून घेतल्या, तक्रार नाही. असा मेसेज कोणी मागितला तर देऊ नका. लिहायचंच असेल तर मॉडेल, सिरियल नंबर, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि विकणाऱ्याने काय काय सांगितलं ते लिहा, आणि त्यालाच त्यावर होकार द्यायला लावा. पैसे जातील त्या दिवशीच जाहिरात आणि सगळं बोलणं जपून ठेवा.

नंतर मी पुन्हा खरेदी केली तेव्हा स्वतःचा माइक, स्वतःचे हेडफोन आणि पेन ड्राइव्हवर स्वतःचा एक प्रोजेक्ट घेऊन गेले. इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये एक केबल लावली, एक टिक वाजवून रेकॉर्ड केली आणि मूळ टिक व परत आलेली टिक यांच्यातलं अंतर मोजलं. लेटन्सीमॉन नावाचं साधन दहा मिनिटं चालू ठेवलं. विंडोज लॅपटॉपमधला वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर ऑडिओत अडथळा आणत असेल तर ते सांगतं. चार्जर लावून आणि काढून, दोन्ही वेळा शांतता रेकॉर्ड करून ऐकली. विंडोजवर इंटरफेसला कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर आहे का, आणि तो आजही अपडेट होतो का, हे आधी साइटवर पाहिलं. टाइप-सी आहे म्हणून वेगवान, हे मला पुन्हा ऐकवलं गेलं. टाइप-सी हा फक्त खाचेचा आकार आहे, कित्येक चांगले इंटरफेस त्यातून यूएसबी २.० वरच चालतात आणि दोन चॅनलना ते भरपूर होतं.

जुना मॅक घेणार असाल तर तो तुमच्यासमोर पूर्ण पुसायला लावा आणि इंटरनेट जोडून पहिल्यापासून सुरू करा. आधीच्या मालकाचा ॲक्टिव्हेशन लॉक किंवा एखाद्या कंपनीचं रिमोट मॅनेजमेंट असेल तर ते तेव्हाच वर येतं. विकणारा “नंतर काढून देतो” म्हणाला तर तिथून उठा.

मावशी पुन्हा गायली. तीन गाणी झाली, दोनांचे शब्द आता तिला आठवत नाहीत. त्या दोनांपैकी एकाचा साडेतीन मिनिटांचा तुकडा माझ्याकडे आहे, कारण दुसऱ्या संध्याकाळी मी तो मामेबहिणीला ऐकवायला तेव्हाच फोनवर पाठवला होता. त्यात चार्जरची घरघर आहे. ती काढून पाहिली, पण घरघरीबरोबर ओळीच्या आधीचा मावशीचा श्वासही जातो. म्हणून ती तशीच ठेवली आहे.